रोज सकाळी काढलेली चादर

बावीस वर्षं ती शिलाई मशीन दुरुस्त करत गावोगाव हिंडली. आधी कंपनी पाठवायची म्हणून, आणि कंपनी बंद पडल्यावर दुसरं काही येत नव्हतं म्हणून. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात सुट्या भागांची पत्र्याची पेटी. लोक तिला मशीनवाल्या ताई म्हणत. वहिनी मात्र 'पाहुण्या बाई' म्हणायची, तेही अशा सुरात की समोरचा चहा कपातच निवून जावा.

पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तशी ती भावाकडे आली. या खेपेला कायमची. तसं तोंडाने बोलली नव्हती; दादा आपणहून ओळखेल, अशी तिची समजूत. मागची खोली आईची. आई गेल्यापासून ती रिकामीच होती. कोपऱ्यात आईचं पायाचं मशीन होतं आणि त्यावर वहिनीने फुलदाणी ठेवली होती. या खोलीत आपलं उरलेलं आयुष्य मावेल, एवढंच तिला हवं होतं.

पण हाताची सवय जाते कुठे? सकाळी उठली की ती गादीवरची चादर काढी, चौकोनी घडी करून पायथ्याशी ठेवी, वर उशीचा अभ्रा ठेवी आणि खोलीची किल्ली दाराजवळच्या फळीवर. लॉज सोडताना रोज हेच तर करत आली होती.

आठ दिवस वहिनीने खपवून घेतलं. नवव्या दिवशी चहाच्या वेळी तिचा बांध फुटला.

"हे काय चाललंय रोज? मी काय लॉज उघडलंय?"

"सवय आहे हो वहिनी, हाताला."

"सवय! इथे एक रात्र जास्त काढली तर अंगाला काटे टोचतील, असा सगळा आव. जेवायला मात्र दोन्ही वेळा वेळेवर हजर!"

"भांडी मीच घासते, वहिनी."

"घासता ना. उपकार केल्यासारखी घासता." वहिनीने बशी आपटली. "बरं, आता विषय निघालाच आहे तर सांगते. मुलाला घरून काम करायचंय. सोमवारी त्या खोलीत टेबल येतंय."

ती भावाकडे वळली. तो पेपरात डोकं घालून बसला होता.

"दादा, मी या वेळी राहायला आलेय."

"तू?" दादाला खरंच हसू आलं. "तुझा पाय कधी घरात ठरलाय का? आई शेवटचं आजारी होती, तेव्हासुद्धा तू कुठेतरी कुणाच्या मशीनचा पट्टा बदलत होतीस."

ते खरं होतं.

ती खोलीत गेली. सकाळी केलेली चादरीची घडी मोडली; चोळामोळा करून गादीवर फेकली. मग फुलदाणी उचलून जमिनीवर ठेवली आणि आईच्या मशीनची बॉबिन केस, खालच्या दोऱ्याची लोखंडी डबी, काढून पेटीत टाकली. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा. त्यावाचून मशीन एक टाका घालणार नव्हतं, आणि वहिनीला ते दहा वर्षं कळणार नव्हतं. फुलदाणी जागच्या जागी गेली.

दुपारी ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या दारात उभी होती. वर्षातून दोनदा ती इथे यायची, चार दिवस माळ्यावरच्या खोलीत राहून अकरा मशीन नीट करून जायची. मालकीणबाई कात्री हातात घेऊनच अंगावर आल्या.

"आलीस? महिन्यापूर्वी यायचं होतं ना? चार नंबर बंद, नऊ नंबर दोरा तोडतंय. म्हटलं, मेली की काय!"

"मेले असते तर सुटला असता."

"सुटले असते कसली! मशीन कोण बघणार मग, तुझं भूत?"

काजं-बटणं करणारी बाई मान वर न करता म्हणाली, "ताई, तुमचा अ‍ॅप्रन तिथेच आहे खुंटीला. मी एकदा माझी पर्स अडकवली तिथे, तर बाईंनी दिवसभर धारेवर धरलं."

"तू शिव गं!" मालकीणबाई ओरडल्या.

चार नंबर सगळ्यांत जुनं, आईच्याच मशीनसारखं पायाचं. त्याची बॉबिन केस झिजली होती. पेटीत नव्या तीन होत्या. तिने आईचीच बसवली, पायाने चाक फिरवलं. टाका सरळ पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरच्या खोलीत उठून तिने चादर काढली, घडी केली, किल्ली टेबलावर ठेवली. मालकीणबाई चिंध्यांचं पोतं शोधत वर आल्या.

"चादर का काढलीस?"

"सवय."

"रात्री परत कोण घालणार, मी? सगळं सोडून तुझ्या घड्या मोडत बसू? घाल ती आधी. आणि किल्ली टेबलावर टाकू नकोस, हरवते इथे. कमरेला खोच."

"बाई, मी या वेळी..."

"या वेळी काय?"

"राहायला आलेय."

मालकीणबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "मग काल बोलायला दातखीळ बसली होती? ती पेटी वाटेतून काढ, मी अडखळून पडेन. आणि नऊ नंबर कधी बघणार आहेस, तुझ्या साठीला?"

पोतं ओढत त्या खाली गेल्या.

तिने चादर झटकली, पसरली. घडीच्या रेघा काही हाताने निघेनात. तिने चारही कोपरे गादीखाली घट्ट खोचले आणि किल्ली कमरेला लावली. खाली मालकीणबाई कुणाच्या तरी नावाने शंख करत होत्या. आपल्याच नावाने असेल, म्हणून ती लगबगीने जिना उतरली.