झोक्याच्या तळाशी

जत्रेतल्या मोठ्या होडीच्या झोक्यात बसताना मी शाळेतला तानकाटा बरोबर घेतला होता. वर्गात दाखवायला आकडे हवेत, हे निमित्त. खरं तर बायकोला घराबाहेर काढायचं होतं. काट्याला अडकवलेलं वजन होडी टोकाला गेली की हलकं व्हायचं आणि तळाशी आली की दीडपट भरायचं.

"म्हणजे खाली मीसुद्धा दीडपट?" तिने विचारलं.

"हो."

आजाराने ती छत्तीस किलोवर आली आहे. वजन वाढल्याशिवाय पुढचे उपचार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. तिने मनातच हिशेब केला. "चोपन्न! अहो, आजारपणाआधी एवढीच होते मी."

मग होडी तळाशी आली की दर वेळी ती डोळे मिटून घ्यायची. गेलेलं माणसाकडे परत येतं ते असंच, मांडीवर क्षणभर टेकतं आणि उठून जातं.

"इथेच, खाली, थांबवता नाही का येणार?"

वर्षानुवर्षं मी हेच शिकवत आलोय. ते जादा वजन वेगाचं असतं, होडी थांबली की संपतं. पण तिला सांगवेना. होडी थांबली, काटा मूळ जागी आला, आणि मी पुन्हा तिकिटांच्या खिडकीकडे धावलो.