शून्य रुपयांच्या तिकिटाचा दंड

उंद्रीच्या एका आजीवर अन्याय झाला तो मागच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, चिखलीला जाणाऱ्या एसटीत. कुणाच्या पिशवीतून मेथीचा वास आला की मला ती गाडी आठवते. पायरीपर्यंत माणसं, पायांत भाजीच्या जुड्या, आणि त्याच दिवशी आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर होता. पंच्याहत्तरीपुढे प्रवास फुकट असतो, पण शून्य रुपयांचं तिकीट घ्यावंच लागतं. आजीने चढतानाच आधार कार्ड दाखवलं, वाहक म्हणाला, "बसा माय, मंग देतो," आणि गर्दीतून मागे गेला. पुढच्याच थांब्यावर तपासणीस चढला. "तिकीट?" "कार्ड दाखोलं ना बाप्पा त्याले." "म्हणजे बिनतिकीट. दंड भरा, नाहीतर उतरा." मी म्हणालो, "अहो, आधी वाहकाला विचारा." "तू वकील आहे काय बे?" मागे कुणीतरी हसलं. वाहक मान खाली घालून मशीन दाबत राहिला. बोलला असता तर कारवाई त्याच्यावर झाली असती. आजी दांडी चाचपत उतरली, गाडी सुटली. ऑपरेशन हुकलं, हे नंतर कळलं. तेव्हा मला राग आला असावा. आता आठवताना नुसतं बधिर वाटतं. चोरून फिरणाऱ्यांना दंड कराच, आमच्या प्रवासी संघटनेच्या पत्रकात मीही तेच लिहितो. पण ज्या तिकिटाची किंमतच शून्य, त्याची चोरी कसली? पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणा म्हाताऱ्या माणसाला असं उतरवलं, तर तुम्ही सगळेही खाली उतरा, आणि वाहक-तपासणिसांना रिकामी गाडी पुढे नेऊ द्या.