आकारामाचं खोटं विमान आन खरं विमान

लिही, निशिगंधा. माझा धाकटा भाऊ आकाराम लबाड न्हवता. पयल्यांदा ह्ये लिही, बाकीचं मागनं सांगती. परवा तू शिकवतीस त्या शाळंतल्या पोरी आल्या, सोप्यातल्या भितीवरचा फोटू बघून फिदीफिदी हसल्या. "आजी, कंप्युटरवर केलाय न्हवं?" तवापासनं माझं डोस्कं उठलंय. तुझ्या जन्माच्या आदल्या सालचा फोटू त्यो. कंप्युटर कुनाच्या दारात हुता तवा?

आकाराम मुरगूडचा. फोटू काढायचा, पर दुकान न्हवतं, जत्रंत तंबू ठोकायचा. त्येच्याजवळ एक प्लायवूडचं विमान हुतं, निळं, खिडक्यांच्या जागी भोकं. मागं बाकड्यावर बसायचं, भोकातनं तोंड भाईर काढायचं, पाठीमागं पडद्यावर ढग. नवरा-नवरी, तान्ही पोरं, बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्या, सगळी त्यात बसल्याली. मलकापूरकडं कुठल्याबी घरात जा, भितीवर त्ये विमान दिसंल. गगनबावड्याच्या पावसात एकदा त्येचं शेपूट फुगून गळून पडलं, तर गड्यानं बिनशेपटाचं चालवलं सालभर!

आनी एक करामत करायचा. एकाच फिलमवर दोनदा फोटू घ्यायचा. मग एकच मानूस हिकडं च्या वततोय आनी तकडं त्योच बसून पितोय. लोकं खुळी व्हायची. पर आकाराम तोंडावर सांगायचा, "ह्यो खोटा हाय पावणं, मजा म्हनून घ्या." खोट्याला खोटं म्हननारा मानूस त्यो.

आता खऱ्याचं सांगती.

त्या साली दिवाळीला भाऊबीजंसाठी आकाराम हिकडं माझ्या घरी आलता, कॅमेरा गळ्यात. आपलं रान उजळाईवाडीच्या माळाला, विमान उतरायची पट्टी पल्याड. म्हशींची शिंगं रंगवल्याली, मोरपिसं बांधल्याली, गळ्यात कवड्यांच्या माळा. तुझा बा, माझा ल्योक कृष्णात, सायलेन्सर काढल्याल्या फटफटीवर म्होरं, आनी त्येच्या मागं आपल्या म्हशी चौखूर. तुमच्या म्हमईच्या मावशीला ह्ये सांगितलं तर खरं वाटत न्हाय, पर कोल्हापुरात दर दिवाळीला म्हशी अशाच पळवत्यात. आदी म्हैनाभर सवय लावायची. फटफटीचा फडफडाट म्हंजी मालक, एवढं म्हशीला पक्कं ठावं. मग कानापाशी फटाकडी फुटली तरी ती मालकाची पाठ सोडत न्हाय.

म्या ओवाळायचं ताट घिऊन बांधावर उभी. आनी एक लहान पांढरं विमान पट्टीवर उतरायला आलं, त्ये न उतरताच पुन्ना वर उठलं. का उठलं, त्येचं त्येला ठावं. आपल्या चिंचंच्या शेंड्याला घासल्यागत डोस्क्यावरनं गेलं की गं! माझा पदर उडाला, ताटातला दिवा इझला, म्या तोंड वासून वर बघत ऱ्हायले. कृष्णाताला फटफटीच्या आवाजात काय पत्ताच न्हाय. म्हशी आपल्या त्येच्या मागं सरळ. आनी आकारामानं तेवढ्यात बटन दाबलं.

फोटू धुऊन आला तवा त्यो लहान पोरावानी नाचला. "आक्का, सगळी मला प्लायवूडवाला म्हनत्यात. ह्या एका फोटूनं फोटोग्राफर म्हनतील बघ."

एवढंच पायजे हुतं त्येला. दुसरं काय न्हाय.

कोल्हापुरात एका मंडळानं फोटूंचं प्रदर्शन भरवलं, तितं त्येनं त्यो दिला. निकालादिशी मलाबी घिऊन गेला, नवा शर्ट घालून. बघतोय तर फोटूपाशी ही गर्दी! पुण्याचे एक परीक्षक आलते, काचंला नाक लावून बघत हुते. म्हनाले, "हे दोन फोटो जोडलेत. विमान इतकं खाली असतं तर म्हशी उधळल्या असत्या. ही बाई तेवढी वर बघतेय, जनावरांना पत्ताच नाही?"

आकाराम म्हनाला, "सायेब, फिलम हाय माझ्याजवळ."

"एका फिल्मवर दोनदा फोटो घेता येतो. तुम्ही तर तोच धंदा करता म्हणे."

कुनी सांगितलं आसंल त्येला? तितल्याच कुनीतरी की!

मला ऱ्हावलं न्हाय. म्या म्हनाले, "पावणं, ती बाई म्या हाय. दिवा माझा इझलाय. आनी म्हशी कशाला उधळतील? बिनसायलेन्सरच्या गाडीमागं पळायला शिकवल्याल्या म्हशी त्या. विमान काय आनी फटफटी काय!"

त्यो हसला, ग्वाड हसला. "आजी, तुम्ही त्यांच्या बहीण. तुमचं कसं धरायचं?"

म्या तवा आजीबी न्हवते.

मंडळाचा अध्यक्ष उदयसिंह तितंच उभा हुता. कोल्हापुरातला जुना मानूस, दारात चार म्हशी, दर दिवाळीला फेटा बांधून पळवनारा. त्येच्याकडं वळले. "उदयसिंह, तुमी सांगा की ह्येस्नी. तुमच्या म्हशी उधळत्यात व्हय?"

त्यो घड्याळात बघाय लागला.

"आवो, बोला की!"

"पावण्यांचा मान असतोय, आक्का," म्हनाला. भोवतीनं धा-बारा जनं, सगळी कोल्हापूरची, सगळ्यांनी म्हशी पळताना बघितल्याल्या. एकानंबी तोंड उघडलं न्हाय. पुण्याच्या मानसाला ठावं न्हाय, त्येला काय म्हनू? पर ह्येंच्या तोंडात काय गुळनी धरलीती? अजून आठवलं की अंगाचा तिळपापड हुतोय.

आनी म्होरं ऐक. मंडळवाल्यांनी मनानं वाट काढली. माईकवर पुकारलं, "ट्रिक फोटोचं पयलं बक्षीस, आकाराम!" टाळ्या पडल्या. कप ह्यो एवढा. उदयसिंह कानाशी म्हनाला, "घे की मर्दा, बक्षीस ते बक्षीस. कोन इचारतंय?"

आकाराम वर गेला. पिशवीतनं एक फोटू काढला, त्योच, च्या वतनारा आनी पिनारा एकच मानूस. टेबलावर ठिवला. म्हनाला, "ट्रिक ह्यो हाय. कप द्यायचाच तर ह्येला द्या. त्यो भितीवरचा खरा हाय." परीक्षकांनी मान खाली घातली, फोटू काय हातात घेतला न्हाय. आकारामानं कप तितंच सोडला, भितीवरचा फोटू उतरवून काखंत मारला आनी भाईर. यष्टीत बसल्यावर म्हनाला, "आक्का, घरी टांग ह्यो. तुझ्या घरात तरी खरा ऱ्हाऊ दे."

जत्रा काय सुटल्या न्हाइत त्येच्या. हीच मानसं पोरंबाळं घिऊन प्लायवूडच्या विमानात बसायची, फोटू फ्रेम करून न्ह्यायची.

मग तू धा वर्साची आसशील, त्यो उदयसिंह आपल्या दारात आला. गाडी घिऊन. हायवेला त्येनं हाटेल काढलं हुतं, भितीवर लावायला म्हशींचा आनी विमानाचा फोटू पायजे हुता. आकाराम आलताच माझ्याकडं, जत्रंला जाताना, प्लायवूड टेंपोत. तू बघितलंस की त्ये.

"मोठा करून दे, आकाराम. तुझं नाव खाली घालतो."

आकाराम म्हनाला, "माझं नको. तुमचं घाला. 'ह्यो फोटू खरा हाय' असं लिवा आनी खाली सही करा. मंडळाच्या लोकांस्नी हाटेलात बोलवून एकदा तोंडानं सांगा. फोटू फुकट देतो."

"जुनं झालं की रं आता त्ये."

"मग फोटूबी जुनाच हाय. ऱ्हाऊ दे माझ्या भनीकडं."

उदयसिंह लालेलाल. उठला तसा आकाराम टेंपोकडं हात करून म्हनाला, "विमानाचा फोटू पायजेच आसंल तर ह्यात बसा. ह्यो खोटा हाय, ह्यात तुमाला आडचन न्हाय."

गाडी धुरळा उडवत गेली. म्या च्या ठिवलाता, त्योबी प्याला न्हाय. आपल्याच म्हशीच्या दुधाचा हुता, आमी भावाभनींनी बसून प्यालो.

आता त्या पोरींस्नी पुन्ना बोलव. आपली म्हस सोडती, कृष्णाताला गाडीचा सायलेन्सर काढाय लावती. बघू दे उधळती का.