चिमणीचं पाणी

विशेष मुलांच्या वर्गातल्या बाई कुणाच्या बापाला भिणाऱ्या नव्हत्या. वर्गातली सगळी मुलं चाकाच्या खुर्चीतली, आणि एकूणएक पोराची तऱ्हा बाईंना तोंडपाठ. म्हणूनच दरवर्षी प्रत्येक मुलाची वेगळी शिक्षण-योजना लिहायची, ही त्यांच्या लेखी नसती ब्याद. "मूल माझ्या डोक्यात आहे, कागदाला काय कळतंय!" म्हणत त्या एकाचीच योजना उघडायच्या, नाव बदलायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. तपासणीच्या साहेबांनी त्यातली नेमकी चिमणी नावाच्या मुलीची उचलली आणि "योजना असावी तर अशी!" म्हणाले, तेव्हा बाईंना हसू आवरेना.

त्या सकाळी बाई दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून पडल्या होत्या. अर्धं तोंड बधिर. डॉक्टरांनी पाणी सोडलं, ते भलतीकडे गेलं आणि बाईंना जीवघेणा ठसका लागला.

आणि त्यांना एकदम चिमणी आठवली. आज वर्गावर बदली शिक्षिका होती. ती नवी, मुलं ओळखत नाही, म्हणजे योजना वाचणार. चिमणीची योजना उतरवली होती, बाई ज्याला पैलवान म्हणत त्या मुलाच्या योजनेवरून. पैलवान पेलाभर पाणी घटाघटा प्यायचा. चिमणीला मात्र पातळ पाणी गिळता येत नसे, ते थेट फुप्फुसात जायचं. तिला पावडर घालून मधासारखं दाट केलेलं पाणी चमच्यानेच द्यावं लागे. आणि कागदावर होतं, 'पाणी पेल्याने द्यावे.'

शाळेचा फोन कुणी उचलेना. बाई गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर धावल्या. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायला गेल्या, तर तोंडातून नुसते हुंकार. "बाई, नीट बोला की!" तो खेकसला. बाईंनी रडत रडत बोटानेच रस्ता दाखवला. इतकी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती.

वर्गाचं दार ढकललं. चिमणीचा फ्रॉक चिंब भिजलेला, ओठ घट्ट मिटलेले, डोळे दाराकडे. बदली शिक्षिकेच्या हातात पेला.

"बघा ना बाई, तोंडच उघडत नाही. भारी हट्टी आहे. आता नाक धरणार होते."

बाईंनी पेला हिसकावला. पाणी दाट केलं, एक चमचा दिला आणि चिमणीच्या गळ्याकडे बघत राहिल्या. तिने गिळलं. ठसका नाही. बाईंनी दुसरा चमचा भरला.

बाईंनी फळ्यावर लिहून सगळा प्रकार कळवला तेव्हा बदली शिक्षिकेचा चेहरा पांढराफटक पडला. "पण बाई, मी योजनेत होतं तेच केलं. माझ्या मागच्या शाळेतही हीच आलीय. साहेबांनी नमुना म्हणून सगळीकडे पाठवलीय. जो तो नाव बदलून हीच वापरतोय."

बाईंनी साहेबांचा नंबर लावला. त्या सगळ्या शाळांतल्या पोरांना ओठ असे घट्ट मिटता येत असतील का, देव जाणे. पलीकडून साहेब "कोण बोलतंय?" विचारत होते, आणि बाईंची जीभ अजून वळत नव्हती.