धाकू नाखव्याच्या होंडाची मागची सीट

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात धाकू नाखव्याचं घर कुठलं असं विचारलं, तर शेंबडं पोरही सांगायचं, "ज्याच्या ओटीवर गाडी नि दारात माणसं, ते!" खोटं नव्हतं. ओटी सगळी धाकूच्या होंडा मोटरसायकलनं अडवलेली. त्याची आई मनुबाई नौपाड्यात मासळी विकून यायची, ती आडवी होऊन, पोट आत ओढून घरात शिरायची. म्हातारीचा धक्का हँडलला लागलाच, तर धाकू आधी हँडल बघायचा आणि मग आईला.

गाडी होती सन चौसष्टची, अस्सल जपानी. कुठल्याशा बोटीवरच्या साहेबानं मुंबई बंदरात मागं ठेवलेली. तीन-चार हात फिरून ती धाकूच्या पदरात पडली, आणि पाठोपाठ वर्षभरात बायको मंजुळाही पडली. आधी कोण आलं याला घरात फार महत्त्व होतं. धाकू वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर. मागायला आलेल्या माणसाला साधा नट न देणं, हीच त्याची नोकरी. वस्तू जपायची खोड अंगात भिनलेली. गाडीतला एकेक स्क्रू 'ओरिजिनल' असल्याचं तो जेवताना, झोपताना, मयताला गेला तरी तिथंही सांगायचा.

आता गाडी चालायची हो! खोटं बोलून पाप कशाला घ्या? पहिल्या किकला सुरू व्हायची. रविवारी सकाळी ती नौपाड्यापर्यंत जायची, बाबुरावांच्या जुन्या यामाहाशेजारी उभी राहायची आणि परत यायची. बाबुराव बँकेतले, बोलणं पुस्तकी. "धाकोजी, माझ्या गाडीच्या ध्वनीला एक भारदस्तपणा आहे," असं ते म्हणायचे. धाकू म्हणायचा, "बाबुराव, माझी बोलतच नाय. खानदानी हाय." दोघांकडे आपापल्या गाडीची जपानी पुस्तिका होती. ती उघडून बोट ठेवून वाद चालायचा. जपानी दोघांनाही येत नव्हतं, म्हणून कोणी कधी हरायचं नाही.

पण खरी गोम होती सीटची. लांबलचक काळी सीट, तिचा पुढचा भाग धाकूच्या बैठकीनं झिजलेला आणि मागचा कोरा करकरीत. त्यावर कोणी बसायचं नाही. कारण काय, तर शिलाई ओरिजिनल! लग्नाला आठ वर्षं झाली, पण मंजुळा त्या सीटवर एकदाही टेकली नव्हती. ती माहेरी, डोंबिवलीच्या मोठागावात जायची ती ट्रेन-रिक्षा करत, शेवटी पायी. आणि तिचा भाऊ चंदू जपानी म्हणवणारी नवीन शंभर सीसी घेऊन बायकोला, जनीला, गावभर मिरवायचा. धाकू नाक मुरडायचा. "ती कसली जपानी? जपानी माणसानं लांबून बघितलेली!"

सत्त्याऐंशी सालच्या राखीला मंजुळा अशीच घामाघूम पोचली, तर जनी दारातच म्हणाली, "वन्सं, तुमची गाडी खरंच हाय, का सपनात बघलीव?" बायका फिदीफिदी हसल्या. मंजुळा घरी आली ती डोळे लाल करून. "अवो, ऐका. पुढच्या राखीला त्या गाडीवर बसून जाईन, नायतर भावाला राखी बांधाया जाणारच नाय. आई एकवीरेची शपथ." मंजुळाला भाऊ एकच. धाकू गडबडला आणि एकवीरेच्या नावानं हो म्हणून बसला. वर्ष लांब होतं. पुढचं पुढं.

पुढचं यायला कितीसा वेळ लागतो? पावसाळा तोंडावर आला आणि धाकूला सीटवर बारीक भेग दिसली. चेहरा असा पडला की मनुबाईला वाटलं, नोकरी गेली. बाबुरावांनी कसलंसं जपानी मेण सुचवलं, ते ठाण्यात कुठं मिळणार? मग धाकूला आजा आठवला. आज्याची होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर चढवली की तिला मुशी माशाच्या लिव्हराचं तेल चोपडायचे. लाकूड कुजत नाही, फुटत नाही. त्या होडीवर तीन पिढ्या जगल्या! लाकडाला चालतं ते कातड्याला न चालायला काय झालं? धाकूनं सीटला दोन हात तेल चोपडलं, वर ताडपत्री बांधली आणि नारळी पुनवेपर्यंत गाडीला विश्रांती दिली. होडीला असते ना, तशी.

"रं, वास कसला मारतंय?" मनुबाई म्हणाली.

"आये, तुला मासळीचा वास कवापासून खुपाया लागला?"

जन्मभर मासळी विकलेल्या बाईला मांजरींबद्दल काही सांगायचं होतं, पण मुलगा ऐकणारा नव्हता.

पुनव जवळ आली तशी धाकूची झोप उडाली. बाबुरावांनी शक्कल काढून दिली, आणि आदल्या संध्याकाळी धाकूनं ती मंजुळेपुढं मांडली. "कसं करू, तू ट्रेननं डोंबिवलीला ये. मी गाडी घेऊन थेट मोठागावच्या वेशीवर थांबतो. तिथनं बरोबर जाऊ."

"बसून?"

"तू चाल ना दारापर्यंत. मी बाजूनं हळू हळू आणतो."

मंजुळेनं नवा हिरवा चुडा भरलेला होता, तो मनगटावरून मागं सारला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. धाकूला तेवढ्यावरून समजायला हवं होतं.

पुनवेला सकाळी धाकूनं ताडपत्री ओढून काढली. चेंदणीतल्या समस्त मांजरींनी सबंध पावसाळा तिथं जेवणावळी उठवल्या होत्या. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं! सीटच्या चिंध्या झालेल्या, आतला काथ्या लोंबत होता. ओरिजिनल शिलाईचा एक टाका शिल्लक नव्हता. एक गाभण मांजरी तर अजून मागच्या भागावर ऐसपैस झोपलेली. तिनं धाकूकडे बघून जांभई दिली.

मंजुळा दारात उभी होती. ती हसेल असं धाकूला वाटलं. हसली नाही. "आठ वरसं मना बसू नाय दिलं," ती म्हणाली, "मांजरींसाठी राखली व्हती व्हय?"

आत्ता कुठं धाकूला लाज वाटली, आणि चांगली वाटली. त्यानं मांजरीला उचललं. मंजुळेनं आतून आपली गोधडी आणली, चौघडी करून सीटवर टाकली, सुतळीनं आवळली आणि राखीचं ताट मांडीवर घेऊन बसली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मनुबाईनं दोघांवरून मीठ ओवाळलं. मांजरी नाक्यापर्यंत पोचवायला आल्या.

कळवा मागं पडलं, मुंब्रा आलं, आणि धाकूनं कान टवकारले. इंजिनातून आवाज येत होता. किण् किण्. बारीक, पण येत होता. "इंजिनातला टॅपेट सैल झाला!" त्यानं मंजुळेला उतरवलं, पाने काढले, गरम इंजिनावर बोटं भाजून घेतली. सगळं ठीक. निघाले, की पुन्हा किण् किण्. पुन्हा थांबला, पुन्हा चाचपलं, आवाज नाही. शिळफाट्यावर तो रडकुंडीला आला. "मंजुळे, गाडीला तरास व्हतोय. तुला इथनं रिक्षा करून देऊ का?"

"मी उतरणार नाय," मंजुळा म्हणाली. माहेर एवढं जवळ आलेलं आणि पुन्हा रिक्षा? "चालवा. चालवता चालवता ऐका."

तो निघाला. किण् किण्. मागं मंजुळेनं सीटमागची कडी धरलेला हात उचलून पोटाशी घेतला.

"आता?"

"गेला!"

तिनं पुन्हा कडी धरली. "आता?"

"आला."

धाकूनं मान वळवून पाहिलं. हिरवा चुडा खड्ड्याखड्ड्याला कडीवर आपटत होता. त्या गाडीचा एकेक आवाज त्याला तोंडपाठ होता, झोपेतून उठवून विचारा. हा तेवढा नव्हता. कुठून असणार? त्या गाडीवर बांगड्या कधी बसल्याच नव्हत्या.

"काढून ठेवू चुडा?" तिनं विचारलं. "तुमच्या इंजिनाला तरास नको."

"राहू दे गो," तो म्हणाला. "वाजू दे."

मोठागावात शिरताना चंदू आणि जनी दारातच उभी दिसली. वाटेचा मधला भाग चांगला सपाट होता. धाकूनं गाडी मुद्दाम कडेच्या खड्ड्यांतून घातली.