नंदीच्या पाठीवर वाकलेली वहिनी

अन्याय झाला तो माझ्या यशोदावहिनीवर. १९५६ सालच्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी सकाळी, चऱ्होलीतल्या महादेवाच्या देवळात. करणारा मी.

दादा मुंबईच्या गिरणीत. घरात पुरुष मीच. महिनाभर वहिनी आडवी होत नव्हती. पडली की गुदमरायची. म्हणून देवळात जाऊन नंदीच्या पाठीवर कपाळ टेकायची आणि वाकून बसायची. खोकला नव्हता, तेव्हा क्षयाचं नावही कुणाच्या तोंडी आलं नाही. पाय सुजले तर आई म्हणाली, "देवानं धरलंय तिला. हात लावू नगंस." बाया तिच्यापुढं नारळ ठेवू लागल्या. मी तेव्हा बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटत हिंडायचो. आपल्याच घरात नवी देवी उभी राहतेय म्हणून माझं डोकं फिरलं. "नाटक पुरे कर!" म्हणत सगळ्यांदेखत मी तिला खांद्याला धरून ताठ बसवलं. तिचे ओठ निळे पडले. "भाऊजी, वाकू द्या मला," एवढंच ती बोलली.

"सोड तिला, पुढारी!" पायरीवरून आवाज आला. आळंदीहून परतताना वाट चुकलेली पुण्याची एक नर्स. तिनं वहिनीला पुन्हा नंदीवर टेकवलं, मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या, नाडी धरली आणि शेजारी उभ्या आईकडे वळली. "श्वास आत घेतला की नाडी बुडतेय. आजी, ही भक्ती नाही. आणि शहाण्या, हे नाटकही नाही. गाडी जुंप!"

कासारवाडी स्टेशनापर्यंत ती बाई गाडीत नंदीसारखी बसून राहिली आणि वहिनी तिच्या पाठीवर वाकून. पुण्यात डॉक्टर म्हणाले, क्षय हृदयाभोवतीच्या आवरणात शिरलाय. तिथं पाणी साचून हृदयाला फुलायला जागाच उरली नाही. छातीच्या हाडाखालून सुई घालून त्यांनी लालसर पाणी काढलं. संध्याकाळी वहिनी महिन्यानंतर प्रथमच उशीला टेकली. पुढं कितीतरी महिने इंजेक्शनं आणि गोळ्या चालल्या. आता ती खुरपं घेऊन शेत भांगलते आणि मला "काय पुढारी" म्हणून चिडवते.

त्या बाईची वाट कुणी चुकवली, यावर मी वाद घालत नाही. मी ज्याला दगड म्हणत होतो त्यानं महिनाभर वहिनीला श्वास दिला, आणि मी माणूस असून तो हिसकावला. पत्रकं मी आजही वाटतो. पण दर सोमवारी माझा शहाणपणा नंदीपुढं ठेवून मगच निघतो.

आता तुम्ही. हे वाचून नुसते हात जोडू नका. घरात कुणी, आडवं होता येत नाही म्हणून, वाकून बसत असेल, तर नारळ बाजूला ठेवा, टोमणा गिळा आणि गाडी जुंपा. आजच.