दाढ आणि लोडशेडिंग

एचआयव्ही गोळ्यांनी गप बसला होता. दाढ मात्र बसेना.

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. म्हणून अकोल्यात दोन दातांच्या डॉक्टरांना मी शहाण्यासारखं सांगितलं. दोघांकडेही तेवढ्यातच लाइट गेली. म्हणजे ते तसं म्हणाले. डोक्यावर पंखा गरगरत होता. त्या वर्षांत कापूस बुडाला काय आणि सोयरीक मोडली काय, लोडशेडिंगचं कारण कुठेही खपायचं. पण माझ्या एका वाक्याने लाइट जाते, हे नवीनच होतं. वीजवाल्यांनी मला नोकरीवरच ठेवायला हवं होतं.

तेल्हाऱ्याला परतले तर मोठी जाऊ करवादली, "तू दाढ काढाले जाऊन राहिली का जबानी द्याले? या खेपेस चूप बसजो."

गालाचा भोपळा झाला होता, जेवण सुटलं होतं. चूप बसायचं ठरवलं.

अकोल्याच्या जुन्या शहरातली ही तिसरी डॉक्टरीण मुसलमान घरातली, वयाने माझ्याहून लहान. तिने नवे हातमोजे घातले, वाफेवर शुद्ध केलेल्या हत्यारांचं बंद पाकीट माझ्यासमोर फोडलं आणि विचारलं, "शुगर, बीपी? कोणती गोळी सुरू हाय काय?"

इतकं सरळ विचारल्यावर माझ्याच्याने खोटं बोलवेना. सांगून टाकलं.

आणि लाइट गेली. या वेळी पंख्यासकट.

मी पिशवी उचलली. "समजलं," म्हटलं.

"काय समजलं? कुठी चालल्या? बसा, इन्व्हर्टर हाय."

तिने माझ्या गोळ्या आणि रक्ताचा रिपोर्ट नीट पाहिला. मी बसले, पण जीभ वळवळलीच. "एकावर एक मोजे नाही घालत तुमी?"

"आत्ता जे काका गेले, त्यायले काय हाय ते त्यायलेई मालूम नसन. काळजी सगळ्यायची सारखीच घ्या लागते."

इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झाल्यावर तिने डाव्या हाताने माझा जबडा घट्ट धरला. नवरा गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कोणी हात लावला नव्हता. जाऊ मायेनं बोलायची, पण चहाचा कप लांबून सरकवायची. मला रडू आलं. डॉक्टरणीला वाटलं, दुखतंय. ती जरा थांबली.

दाढ निघाली. "झालं. आता हा बोळा चावून धरा," ती म्हणाली. तिचा हात अजून गालावर होता; तोंड मिटलं की तो निघणार, म्हणून मी ते उघडंच ठेवलं.